शिधा पोचला त्या दिवशी

झाशी छावणी
१४ फेब्रुवारी १९६३

आई,

नमस्कार लिहिते आहे. घ्यायचा की नाही ते तू ठरव. पत्र बकुळावहिनीच तुला वाचून दाखवतील. दादाला जाऊन अजून वर्षही झालं नाही, आणि त्याच्या बायकोच्या तोंडून माझं पत्र ऐकायचं तुझ्या जिवावर येईल. तरी ऐक.

आम्ही पोचलो. ह्यांना इथल्या पुरवठा डेपोत घातलं आहे. जवळच्या बबिना छावणीतल्या पलटणींना आटा, डाळ, कांदे-बटाटे, बकरे सगळं इथूनच जातं. म्हणजे पुन्हा तेच काम, जवानांना शिधा द्यायचं. ह्यांनी साहेबांना हात जोडून सांगितलं होतं, मला पहाऱ्यावर ठेवा, गाड्या धुवायला लावा, पण शिधावाटप नको. साहेब म्हणाले, हवालदार लक्ष्मण, तुम्हाला जे येतं तेच तुम्ही करणार.

आई, दादाच्या कार्याच्या दिवशी पंगतीत काय झालं ते अख्ख्या गावानं पाहिलं. तू स्वतः वाढत होतीस. भाऊसाहेबाला वाढलंस, त्याच्या पलीकडे हे बसले होते, ह्यांना सोडून पुढच्या पानावर गेलीस. कोणीतरी म्हणालं, "बायडाबाई, जावई राहिलं की." तेव्हा तू म्हणालीस, "ह्यानं माझ्या पोराला अर्ध्या पोत्यावर माघारी धाडलं. ह्याला माझ्या हातचा घास न्हाई."

हे उठून गेले नाहीत. सगळ्यांचं जेवण होईपर्यंत तसेच मांडी घालून बसले. शेवटी आपली कोरी पत्रावळ दुमडली आणि उष्ट्या पत्रावळींच्या ढिगात नेऊन टाकली. हे तू पाहिलं नाहीस, तू आत गेली होतीस. मी पाहिलं.

भाऊसाहेब खोटं बोलला असं मी म्हणत नाही. चीनच्या लढाईत तो दादाच्याच चौकीवर होता, बर्फानं त्याच्या पायाची बोटं गेली, तो कशाला खोटं बोलेल? दादा शिधा आणायला खाली उतरला, खाली वाटपाला हे होते, ह्यांनी थोडाच शिधा दिला, म्हणून दादाला परत उतरावं लागलं आणि त्या वाटेवर तो गेला. हे सगळं खरंच असेल. मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "भाऊसाहेब सांगतो ते बरोबर आहे."

पण आई, त्या दिवसापासून हे जेवत नाहीत. गाडीत मी भाकरी सोडली तर ह्यांनी हातात घेतली, पाहिली आणि समोरच्या म्हाताऱ्याला दिली. इथं ताट वाढते, तर भात कालवतात, घास करतात, आणि बोलता बोलता उठून जातात. विचारलं तर म्हणतात, मेसमध्ये खाल्लं. मेसचा लांगरी, म्हणजे आचारी, मला बाजारात भेटला. तो म्हणतो, "भाभी, हवालदारसाब तो कहते हैं घर से खाके आया हूँ."

मी तुझ्याकडे दुसरं काही मागत नाही. वहिनींकडून एक ओळ लिहून घे. लक्ष्मणला म्हणावं, जेव. एवढीच.

तुझी लेक
पुष्पा


झाशी छावणी
९ जून १९६३

आई,

तुझी ओळ आली नाही. टपालवाला भैया आता मला लांबूनच मान हलवून सांगतो.

इथला उन्हाळा आपल्याकडच्यासारखा नाही. दुपारी लूचा गरम वारा सुटतो तेव्हा भिंतीला हात लावला तर चटका बसतो. अशा उन्हात हे डेपोच्या अंगणात बसून कांद्याची पोती उलटी करत होते. ठेकेदाराचा माल आला होता, वरचे कांदे चांगले आणि खाली सगळे सडलेले. ह्यांनी लॉरी परत पाठवली. ठेकेदार हसून म्हणाला, "अरे हवलदार साहब, फौज तो सब खा लेती है." हे म्हणाले, "खा लेती है, इसीलिए नहीं दूँगा." त्यावरून वरपर्यंत तक्रार गेली. ह्यांना भाजीवरून काढून आट्याच्या गोदामात घातलं. तिथंही तेच. बबिन्याला रणगाड्यांचा सराव चालला होता, तर ह्यांनी आपण होऊन शिध्याच्या गाडीबरोबर जाऊन माळावरच्या शेवटच्या रणगाड्यापर्यंत जेवण पोचलं की नाही ते पाहिलं. हे काम ह्यांचं नव्हतं. तिथंच उन्हानं पडले. जवानांनी उचलून घरी आणलं.

आमच्या ओळखीच्या एक अनुसूयाबाई आहेत, सिव्हिल लाइन्समध्ये राहतात. त्यांचे पूर्वज पेशव्यांच्या काळात इकडे आले. मराठी बोलतात पण मधेच हिंदी येतं, आणि काही शब्द इतके जुने की मला विचारावे लागतात. गणेश मंदिरात मला मराठीत पुटपुटताना ऐकलं आणि हात धरून म्हणाल्या, "अगं बेटा, तू आपली आहेस की!" हे उन्हानं पडले त्या दिवशी त्या स्वतः कैरीचं पन्हं घेऊन आल्या. ह्यांच्या उशाशी बसल्या, तोंडाला पेला लावला आणि दटावलं, "पिऊन टाका भैया. मी म्हातारी इतक्या उन्हात चालून आले आहे. माझा अपमान करू नका."

ह्यांनी पेला रिकामा केला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मला वाटलं, आता होईल सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी मी भात टाकला, तो शिजायला लागल्याबरोबर हे घराबाहेर गेले, ते भांडी घासून होईपर्यंत आले नाहीत.

आई, एवढी मोठी शिक्षा असते का ग?

तुझी लेक
पुष्पा


झाशी छावणी
२० नोव्हेंबर १९६३

बकुळावहिनी,

हे पत्र तुमचं आहे. आईला वाचून दाखवायचं की नाही ते सगळं वाचून झाल्यावर ठरवा.

दिवाळीत अनुसूयाबाईंनी फराळ पाठवला होता. ताटात शंकरपाळे होते. ह्यांनी एक उचललं आणि म्हणाले, "तू पाठवलेले शंकरपाळे मी जयसिंगला देत होतो." मी हातातलं काम टाकून समोर बसले. वर्षभरात त्यांनी दादाचं नाव घेतलं नव्हतं. मग ते बोलत गेले. जसं सांगितलं तसं लिहिते.

तिथं सरहद्दीवर रस्ता नाही. शिधा विमानातून टाकायचे. ह्यांचं काम असं की जंगलात, दरीत जिथं पोती पडतील तिथून ती गोळा करायची आणि वरच्या चौक्यांवर पाठवायची. बरेच दिवस ढग होते, विमान आलंच नाही. आलं तेव्हा वारा सुटलेला. कितीतरी छत्र्या उघडल्या नाहीत, पोती खडकावर फुटली, बाकीची घरंगळत नाल्यात गेली. ती काढायला उतरलेले दोन हमाल वर आलेच नाहीत. शेवटी जे हाताला लागलं ते ह्यांनी ताडपत्रीवर ओतलं. तांदूळ, डाळ, मीठ. तीन चौक्या होत्या, तिन्हींचे सारखे ढीग केले. माणसाला मूठ-मूठ येईल इतकंच होतं.

दादा आपल्या माणसांना घेऊन उतरला. दाढी वाढलेली, बुटांवरून गोणपाट बांधलेलं. ह्यांना पाहून इतका हसला म्हणे, जणू जत्रेतच भेट झाली. ह्यांनी इकडेतिकडे पाहून त्याच्या ढिगात दुसऱ्या ढिगातले तांदूळ ओढले. दादानं ह्यांचा हात धरला.

"दाजी, सारखं वाटा."

हे म्हणाले, "तू गप. तुझ्या चौकीवर माणसं जास्त आहेत."

"तेवढीच आहेत. वरच्या चौकीवर ती मद्रासकडची पोरं आहेत, त्यांचं इथं कोण पाव्हणं आहे? मला जास्त दिलं असं कळलं तर मी त्यांना तोंड कसं दाखवू?"

त्यानं स्वतःच्या हातानं तांदूळ परत त्या ढिगात लोटले. मग ह्यांनी शंकरपाळ्यांची पुडी त्याच्या खिशात घातली. त्यानं तीही तिथंच सोडली आणि सगळ्यांना वाटली, हमालांनासुद्धा. जाताना विचारलं, "आमची पुष्पी बरी आहे ना?" आणि चढायला लागला.

वहिनी, पुढचं ऐकायला कठीण आहे. त्यानंतर काही दिवसांनी आभाळ मोकळं झालं आणि विमानं आली, एकामागून एक. छत्र्या उघडल्या. तांदूळ, साखर, दूधपावडर, डबे, गरम कपडे, सगळं जिथं पडायला हवं होतं तिथंच पडलं. ह्यांनी वर निरोप धाडला, या, भरपूर आहे. दादा त्याच निरोपावर निघाला होता. आणि त्याच सकाळी लढाई सुरू झाली. समोरच्या डोंगरावरून त्या वाटेवर गोळीबार झाला. शिधा न्यायला निघालेलं कोणीच खाली पोचलं नाही.

खाली हुकूम आला, माघार घ्या, शत्रूच्या हाती काही लागू देऊ नका, सगळं जाळा. ह्यांनी स्वतः रॉकेल ओतलं. ज्या दिवशी शिधा पोचला, त्याच दिवशी तो जाळला. वहिनी, तांदळाची रास जळताना आधी भात शिजल्यासारखाच वास येतो म्हणे. भुतानच्या जंगलातून चालत आले तेव्हा उपाशी होते, झाडपाला खात होते, पण तो वास नाकातून गेला नाही. अजूनही जात नाही. मी चुलीवर भात ठेवला की हे बाहेर का जातात ते मला आता कळलं.

मी म्हणाले, हे सगळं आईला सांगा. तुम्ही देत होता, दादानं घेतलं नाही. तुमचा काय दोष? तर माझ्यावर पहिल्यांदाच ओरडले. "अजिबात सांगायचं नाही! पोरानं स्वतःच नको म्हटलं हे कळल्यावर ती म्हातारी कोणावर रागावणार? बकुळा कोणावर रागावणार? आत्ता त्यांना मी आहे."

तरी मी तुम्हाला लिहिते आहे. कारण हे माझ्या डोळ्यांदेखत वाळत चालले आहेत. वर्दीचा पट्टा कमरेवर राहत नाही. तुम्ही आईजवळ राहता, तिचा स्वभाव तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो. योग्य वाटलं तर वाचून दाखवा.

तुमची
पुष्पा


झाशी छावणी
४ जानेवारी १९६४

बकुळावहिनी,

तुमचं कार्ड मिळालं. वर्षानं आलेलं घरचं पहिलं अक्षर, म्हणून मी आधी नुसतंच हातात धरून बसले होते.

तुम्ही वाचून दाखवलंत, त्याबद्दल मी तुम्हाला बोल लावणार नाही. मीच तुमच्यावर सोपवलं होतं. आई म्हणाली ना, मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालायला लाज कशी वाटत नाही? आणि पुष्पाचं पत्र आता उंबऱ्याच्या आत आणायचं नाही? ठीक आहे. तिला खरं वाटलं नाही तर मी काय करू? दादा तसाच होता हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. लहानपणी आमच्या ताटातला गूळ वाटण्यावरून तिनंच त्याला कितीदा शाबासकी दिली आहे.

पण शेवटी तुम्ही स्वतःचं म्हणून जे लिहिलंत, ते मी चारदा वाचलं. "सारखं वाटा म्हणताना त्यांना माझी आठवण नाही झाली का? परक्या पोरांची झाली." वहिनी, मला वाटलं होतं, खरं कळलं की कोणाचं तरी मन हलकं होईल.

कार्ड ह्यांनी वाचलं. मी लपवलं होतं, पण कपडे काढताना सापडलं. मला वाटलं रागावतील. रागावले नाहीत. खाटेवर बसले आणि म्हणाले, "आता त्या दोघींकडे काय राहिलं?"

उद्या ह्यांना मेडिकल बोर्डासमोर उभं राहायचं आहे. नोकरीतून काढतील असं सुभेदारसाहेब म्हणत होते.

पुष्पा


सिव्हिल लाइन्स, झाशी
२३ ऑगस्ट १९६४

आई,

पत्र घरात घेऊ नकोस असं तू सांगितलं आहेस. वहिनींनी अंगणात उभं राहून वाचलं तरी चालेल.

हे गेले. नागपंचमीच्या आधी ताप भरला. विषमज्वर. छावणीत बऱ्याच जणांना झाला, बाकीचे उठून कामाला लागले. दवाखान्यातले डॉक्टर चांगले होते, म्हणाले, बहनजी, औषध आमच्याकडे आहे, पण शरीरात धरून ठेवायला काहीतरी हवं. ह्यांच्यात काही उरलेलंच नाही.

नोकरी सुटल्यापासून हे घरातच होते. डेपोतली माणसं भेटायला यायची, तेव्हा एकच विचारायचे, आजचा माल कसा होता? सगळ्यांना पोचला का? शेवटी तापात मला ओळखत नव्हते. मला तिथलं कोणीतरी समजून म्हणायचे, "थोडं थांबा, ढग जातील, विमान येईल." मी म्हणायचे, हो, येईल. शेजारच्या खाटेवरचा जवान तोंड फिरवून घ्यायचा.

शेवटच्या दिवशी थोडे शुद्धीवर आले. मी चमच्यानं पेज पाजत होते. दोन चमचे गिळले. तिसऱ्याला मान वळवली आणि म्हणाले, "पुष्पा, तू जेव आधी." मी म्हणाले, तुमचं झाल्यावर जेवते. ते म्हणाले, "माझं झालं."

अनुसूयाबाईंच्या यजमानांनी, श्रीकृष्णरावांनी, सगळं केलं. डेपोतले जवान आले होते, बबिन्याहूनही गाडी भरून आले. अस्थी ओरछ्याला बेतवेत सोडल्या. नदी भरून वाहत होती. मी काठावर उभी राहिले तेव्हा अनुसूयाबाईंनी माझा पदर मुठीत घट्ट धरून ठेवला होता, घरी येईपर्यंत सोडला नाही.

छावणीतलं घर सोडावं लागलं. सध्या त्यांच्याकडेच आहे. त्या म्हणतात, "बेटा, ही खोली तुझीच समज." पण परक्या घरात किती दिवस राहायचं? आम्हाला मूलबाळ नाही, तुला ठाऊकच आहे. सासरी दिरांचं त्यांचंच भागत नाही.

आई, मी घरी येऊ का? ज्याला तू घास देणार नव्हतीस तो आता नाही. मी कोपऱ्यात राहीन. शेतात जाईन, वहिनींना मदत करीन, दादाचं किंवा ह्यांचं नाव काढणार नाही. तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. फक्त ये म्हण. नाहीतर येऊ नको म्हण. पण काहीतरी म्हण.

वाट पाहते.

तुझी
पुष्पा


सिव्हिल लाइन्स, झाशी
१५ सप्टेंबर १९६५

आई,

वर्ष झालं. तू ये म्हणाली नाहीस, येऊ नको असंही म्हणाली नाहीस. मी विचारायचं सोडलं होतं. आज लिहिते आहे ते वेगळ्या कारणानं.

लढाई सुरू झाल्यापासून झाशी स्टेशनवरून रोज फौजेच्या गाड्या जातात. दक्षिणेकडून येतात, पाणी भरायला थांबतात आणि वर पंजाबकडे जातात. गावातल्या बायकांनी ठरवलं की एकही गाडी रिकाम्या पोटी जाऊ द्यायची नाही. अनुसूयाबाईंच्या अंगणात मोठी कढई लागली. पुऱ्या, बटाट्याची भाजी, कोरडे चणे. कोणी पीठ आणून टाकतं, कोणी तेल. मी पहिले दोन दिवस खोलीतून बाहेर आले नाही. तळणाचा वास आत येत होता. तिसऱ्या दिवशी अनुसूयाबाई दारात येऊन म्हणाल्या, "पुष्पा, माझे हात दुखतात ग. पुऱ्यांच्या इतक्या लोया मी एकटी कशी लाटू?" मग मी गेले. आता रोज जाते. फलाटावर वाढायलाही जाते. ह्यांच्यासारखं डब्या-डब्यातून फिरते आणि विचारते, मिळालं का? शेवटच्या डब्यापर्यंत मिळालं का?

आज सकाळच्या गाडीत मराठी पोरं होती. एका खिडकीत एकजण, मिसरूडसुद्धा नीट न फुटलेला, मी "घे बाळा, अजून एक घे," म्हणाले तर दचकलाच.

"मावशी, तुम्ही मराठी?"

मी हसले. म्हणाले, "कुठला रे तू?"

त्यानं गाव सांगितलं. आपल्या ओढ्यापलीकडचंच. आई, मी परात खिडकीच्या कडेवर टेकवली. मला वाटलं, ह्याला विचारावं, पाऊस कसा झाला, ओढ्याला पाणी आहे का, आपल्या दारातला शेवगा आहे का अजून. मी काही विचारायच्या आत तोच बोलायला लागला. पोरगं घरून नुकतंच निघालं होतं, बोलायला माणूस हवं होतं त्याला.

"आम्ही निघालो ना मावशी, तेव्हा मोटारअड्ड्यावर शेजारच्या गावची एक आजी आली होती. बायडाआजी म्हणतात. रोज येते म्हणे. फौजेत चाललेलं कुठलंही पोरगं असो, त्याच्या पिशवीत भाकरी-चटणी बांधून देते. तिचा पोरगा चीनच्या लढाईत गेला. उपाशी गेला म्हणतात. म्हणून ती कोणाला रिकामं जाऊ देत नाही."

मी म्हणाले, "एकटीच असते का ती?"

"सून आहे. बाकी कोणी नाही. आमच्या आईनं विचारलं तिला, आजी, दुसरं कोणी लेकरू? तर म्हणाली, मला एकच होतं, ते गेलं. आता ही सगळी माझीच."

फलाटावर खूप आवाज होता. कोणी जयजयकार करत होतं, कोणी पाणी मागत होतं. मग मला काय झालं कोण जाणे, मी विचारलं, "त्या भाकरीतली एखादी उरली आहे का रे तुझ्याकडे?"

तो ओशाळला. "नाही मावशी. मनमाडच्या आधीच संपली. सगळ्यांनी मिळून खाल्ली. खूप मऊ होती." मग म्हणाला, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

तोंडावर आलं होतं, आई. अगदी ओठांपर्यंत आलं होतं. पण ज्या म्हातारीनं ह्याच्या पिशवीत भाकरी बांधली, तिच्याबद्दल लढाईवर चाललेल्या पोराच्या मनात मी काय घालू? की तिला आणखी एक लेकरू आहे, आणि ते जिवंत आहे?

मी म्हणाले, "मी झाशीची."

त्याला ते खरं वाटलं. म्हणाला, "तरीच तुमची मराठी जरा वेगळी आहे."

गाडी हलली. मी त्याच्या दोन्ही हातांत मावतील तेवढ्या पुऱ्या कोंबल्या. त्यानं डोकं बाहेर काढून मागच्या डब्यांकडे पाहिलं आणि ओरडून विचारलं, "मावशी, मागच्यांना राहिल्या ना?" मी म्हणाले, राहिल्यात, तू खा. नाव विचारायचं राहून गेलं.

आई, तुला भाकरी करता येते आहे, अड्ड्यापर्यंत चालता येतं आहे, हे कळलं. तुझे गुडघे दुखायचे, त्याची मला काळजी वाटायची. वहिनी तुझ्याजवळ आहेत हेही कळलं.

तो पोरगा परत आला तर तुला भेटायला येईल. सांगेल, झाशीच्या स्टेशनवर एक बाई पुऱ्या वाटत होती, मराठी बोलत होती. तेव्हा तू काही बोलू नकोस. तो दमून आलेला असेल. त्याला आधी जेवायला बसव.

पुष्पा